पाणी शुद्ध केले, तरी सरोवर का बिघडले?

गावाचे सांडपाणी जसेच्या तसे तळ्यात सोडले तर तळे बिघडणार, हे तुम्हांला ठाऊकच आहे. पण ते शुद्ध करून सोडले तर? मग काही बिघडणार नाही, असेच तुम्ही म्हणाल. अमेरिकेतील सिॲटल शहरालगतच्या लेक वॉशिंग्टन या सरोवराची हकिकत मात्र वेगळी आहे.

दुसऱ्या महायुद्धानंतर या सरोवराच्या काठची लहान गावे झपाट्याने वाढली. त्यांच्यासाठी शुद्धीकरण केंद्रे बांधली गेली आणि त्यांतून बाहेर पडणारे पाणी सरोवरात जाऊ लागले. १९५५ साली वॉशिंग्टन विद्यापीठातील प्रा. एडमंडसन व त्यांच्या सहकाऱ्यांना सरोवरात ऑसिलेटोरिया रुबेसेन्स ही नील-हरित शेवाळाची तंतुमय जात आढळली. स्वित्झर्लंडमधील झुरिक सरोवर बिघडू लागले तेव्हा तेथेही हीच जात दिसली होती. म्हणजे ही धोक्याचीच सूचना होती!

केंद्रात पाणी शुद्ध होते म्हणजे नेमके काय होते, ते पाहू. प्रथम जाळीत कचरा अडतो. मग टाकीत पाणी संथ ठेवले की जड गाळ तळाशी बसतो. त्यानंतर पाण्यात हवा खेळवतात. हवेतील प्राणवायू मिळाला की जीवाणू भराभर वाढतात आणि पाण्यात विरघळलेली घाण खाऊन टाकतात. पाणी नितळ दिसते, दुर्गंधीही जाते. पण अन्न, मलमूत्र आणि साबणचुरा यांतून आलेला फॉस्फरस जीवाणूंना सगळा वापरता येत नाही. त्याचा बराचसा भाग फॉस्फेटच्या रूपाने पाण्यातच राहतो.

हा फॉस्फरस म्हणजे शेवाळाचे खत. शेवाळाला कार्बन हवेतून मिळतो. बहुतेक गोड्या सरोवरांत तुटवडा असतो तो फॉस्फरसचा. एक ग्रॅम फॉस्फरस मिळाला की शेवाळ सुमारे ४० ग्रॅम कार्बन आपल्या शरीरात साठवू शकते. हे शेवाळ मरून कुजू लागले की त्यासाठी १०० ग्रॅमहून अधिक प्राणवायू लागतो. २० अंश सेल्सिअस तापमानाच्या एक लिटर पाण्यात जास्तीत जास्त ९ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो. आता गणित तुम्हीच करा! केवळ एका ग्रॅम फॉस्फरसमुळे अकरा हजार लिटरहून अधिक पाण्यातील प्राणवायू संपू शकतो. मग माशांनी श्वास कशाच्या बळावर घ्यावा?

शास्त्रज्ञांनी हे लोकांना समजावून सांगितले. १९५८ साली मतदान झाले. पहिल्या वेळी योजना फेटाळली गेली. त्याच वर्षी दुसऱ्यांदा मात्र ती मंजूर झाली. १९६३ ते १९६८ या काळात मोठ्या नळांनी सारे सांडपाणी सरोवरापासून दूर वळवण्यात आले. शुद्ध केलेले पाणी आता प्युजेट साउंड या समुद्राच्या खाडीत, खोलवर सोडले जाऊ लागले. तेथे भरती-ओहोटीमुळे ते चांगले मिसळते.

परिणाम काय झाला? पाण्याची पारदर्शकता मोजण्यासाठी पांढरी तबकडी दोरीने पाण्यात सोडतात व ती कोठे दिसेनाशी होते ते पाहतात. १८६५ साली इटालियन शास्त्रज्ञ सेची यांनी ही युक्ती वापरली, म्हणून तिला सेची तबकडी म्हणतात. १९६३ साली उन्हाळ्यात ही तबकडी सुमारे १ मीटर खोलीवरच नाहीशी होई. १९७१ पर्यंत ती सुमारे ३ मीटरपर्यंत दिसू लागली. पुढे १९७६ पासून शेवाळ खाणारे डॅफ्निया हे पाणपिसू वाढले व पाणी आणखी स्वच्छ झाले.

आपल्याकडील गावांजवळ प्रत्येक ठिकाणी समुद्र कोठून असणार? पण दुसरे उपाय आहेत. तुरटीने फॉस्फेटचा साका बनतो व तो गाळाबरोबर काढता येतो. नीट शुद्ध केलेले पाणी शेताला दिले, तर तळ्याला विष ठरणारा फॉस्फरस पिकाला खत ठरतो.

तुमच्या गावच्या तळ्याचे पाणी हिरवे दिसते का? शिक्षकांना बरोबर घेऊन एक पांढरी तबकडी पाण्यात सोडा. दर महिन्याला मोजमाप घ्या आणि वहीत नोंद ठेवा. गावात कोठले सांडपाणी कोठे जाते, याचाही शोध घ्या. लेक वॉशिंग्टन वाचले, त्याची सुरुवात अशा नोंदींपासूनच झाली होती.