आजीचा रक्तदाब आम्ही घरीच मोजतो

रक्तवाहिन्यांतून रक्त वाहते तेव्हा ते आतून जोर लावते. त्याला रक्तदाब म्हणतात. माझ्या आजीचा दाब जास्त आहे. तरी ती म्हणायची, "मला कुठं काय दुखतंय? गोळी कशाला?" खरंच, बहुतेकांना काहीच दुखत नाही. पण आतल्या आत मेंदू, हृदय, मूत्रपिंड यांना इजा होते.

दवाखाना लांब. शिवाय डॉक्टरांना बघूनच काहींचा दाब चढतो! म्हणून डॉक्टरांनी घरी मोजायला सांगितले. आधी अर्धा तास चहा नाही, तंबाखू नाही, आजीची मिश्री पण नाही. पाठ टेकून पाच मिनिटे बसायचे, पाय जमिनीवर. उघड्या दंडाला पट्टा, हात छातीच्या उंचीवर. आणि बोलायचं नाही. आजीला हेच सगळ्यात अवघड जातं. एका मिनिटाने परत मोजतो. मी आकडे वहीत लिहितो, आई मोबाईलवरून डॉक्टरांना पाठवते. घरी पुन्हापुन्हा १३५/८५ च्या वर आले तर दाब जास्त समजतात. आजीचे सात दिवसांचे आकडे बघून डॉक्टरांनी गोळी बदलली. आता १२८/७८ येतो.

पण १८०/१२० च्या वर गेला आणि छातीत दुखलं, किंवा बोलणं अडखळलं, तर आकडे पाठवत बसायचं नाही. १०८ ला फोन करून लगेच दवाखान्यात न्यायचं.

इयत्ता ४ थी