गळाची वेळ आणि बाजाराची वेळ

गोंदिया जिल्ह्यात कापडाचा धंदा करणाऱ्या माणसाला तलावाची ओळख टाळता येत नाही. आठवडी बाजारांच्या निमित्ताने अर्जुनी मोरगाव, सडक अर्जुनी, देवरी या बाजूला आम्ही वर्षानुवर्षे गठ्ठे घेऊन फिरलो. वाटेत एखादा तलाव नाहीतर बोडी लागतेच. कोहळी समाजाने गोंड राजांच्या काळापासून बांधलेले हे तलाव पुढे मालगुजारांकडे आले. १९५० च्या कायद्याने मालगुजारी गेली आणि तलाव सरकारजमा झाले. म्हणून त्यांना आजही ‘मामा तलाव’, म्हणजे माजी मालगुजारी तलाव म्हणतात. पूर्व विदर्भात असे साडेसहा हजारांहून अधिक तलाव आहेत.

यांतल्या बऱ्याच तलावांची मासळी ढिवर बांधवांच्या सहकारी संस्था ठेक्याने घेतात. त्यांची मासळी विकली गेली की आमच्या वहीतली उधारी वसूल होते. त्यामुळे मासळी केव्हा लागते हा प्रश्न आमच्यासाठी नुसत्या शौकाचा राहिलेला नाही. शौकही आहे, हे कबूल करतो.

आमची समजूत अशी होती की पहाटेसारखी वेळ नाही. फजरची नमाज पढून निघावे आणि उजाडताना गळ पाण्यात असावा. हदीसमध्ये सकाळच्या वेळेसाठी बरकतीची दुआ आहे, आणि ती रिवायत करणारे हजरत सख्र गामिदी (रजि.) स्वतः व्यापारी होते, आपला माल ते दिवसाच्या सुरुवातीलाच रवाना करीत आणि त्यांची भरभराट झाली. शिवाय ढिवरही पहाटेच तलावावर दिसतात. मग शंका कशाला?

पण अनेकदा उन्हे वर येईपर्यंत आम्ही रिकामेच बसायचो. एकदा एका म्हाताऱ्या ढिवर काकांना विचारले, तर ते हसले. “सेठजी, आमी पहाटे मासे धरत नाही जी, जाळं काढतो. जाळं तं सांजेलाच टाकून ठेवलं रायते. उन्हाच्या आधी माल बाजारात नेला पायजे ना!”

एवढ्या वर्षांच्या व्यापारात ही गोष्ट आमच्या ध्यानात आली नव्हती. पहाटेची वेळ माशाने ठरवलेली नाही, गिऱ्हाइकाने ठरवलेली आहे. बर्फाची सोय नसेल तर मेच्या उन्हात दहा वाजेपर्यंत मालाचा भाव उतरतो. रात्रभर पाण्यात उभ्या असलेल्या जाळ्याला मासा येता-जाता अडकतो, त्याला भूक असो वा नसो. गळाला मात्र भुकेला मासाच लागतो. आम्ही जाळ्याच्या वेळेवर गळ टाकत होतो.

भुकेचा हिशेब पाण्यातल्या प्राणवायूवर आणि उष्णतेवर आहे. दिवसा शेवाळ व पाणवनस्पती उन्हाच्या जोरावर प्राणवायू सोडतात. रात्री तेच शेवाळ मासळीबरोबर तो वापरते. त्यामुळे शेवाळाने हिरव्या झालेल्या उथळ बोडीत सूर्योदयाच्या थोडे आधी प्राणवायू सर्वांत कमी असतो. त्यातच पाणी तापले की ते प्राणवायू कमी धरते: २० अंशांवर लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम, ३५ अंशांवर सुमारे ७. अशा वेळी रोहू-कतला खाण्याच्या मागे लागत नाहीत, श्वासाच्या मागे असतात.

म्हणून उन्हाळ्यात आम्ही आता फजरनंतर घाई करीत नाही. सूर्य उगवल्यावरचे दोन तास धरतो, नाहीतर असर ते मगरिब. दुपारी मासा पाळीजवळच्या खोल पाण्यात किंवा झाडाच्या सावलीत जातो. तिथे माणसानेही बसू नये. इटियाडोहसारख्या मोठ्या, वारा लागणाऱ्या जलाशयात मात्र पहाटही चालते, कारण लाटांमुळे पाण्यात हवा मिसळत राहते.

हिवाळ्याचे गणित उलटे. डिसेंबर-जानेवारीत धुके असताना रोहू, कतला, मृगळ सुस्त असतात. अकरा ते तीन हीच वेळ, तीही काठाजवळच्या ऊन पडलेल्या पाण्यात. दुकानदाराला ही वेळ सोयीची नाही, पण इलाज नाही. कतला वरच्या थरात चरतो, रोहू मधल्या आणि मृगळ तळाशी, तेव्हा गळाची खोलीही त्याप्रमाणे ठेवावी. पावसाळ्याच्या तोंडी या माद्या अंड्यावर येतात. जून-जुलैत गळ घरीच ठेवावा.

मरळ आणि मागूर यांना हा नियम लागू नाही. हे मासे वर येऊन हवा घेतात. मागूर अंधारात चरतो, मरळ सकाळ-संध्याकाळ गवताच्या कडेला. मरळीसाठी काही लोक गळाला बेडूक लावतात. बेडूक मारण्याची हदीसमध्ये मनाई आहे, तेव्हा आम्ही लहान मासळीवर काम भागवतो. पिलांच्या थव्याभोवती फिरणारी मरळीची जोडी दिसली तर ती सोडून द्यावी.

काही वर्षांपूर्वी पोळ्याच्या आधी चार दिवस आभाळ सलग भरलेले होते. पाचव्या पहाटे आम्ही एका तलावावर पोचलो तर मासेच मासे, तोंडे पाण्याबाहेर काढून. आम्ही खूश होऊन एकामागून एक चार गळ टाकले. एकही ओढला गेला नाही. तेवढ्यात तेच काका धावत आले. “सेठजी, गळ ठेवा बाजूले. पान्यात दम नाही उरला.” ऊन नाही म्हणून शेवाळाने प्राणवायू सोडला नव्हता. संस्थेची माणसे बांबूंनी पाणी बडवू लागली, कोणी डिझेल पंप आणून तलावाचेच पाणी उंचावरून परत तलावात पाडू लागले. आम्हीही बाह्या सावरून बांबू घेतला. नऊच्या सुमारास आभाळ थोडे उघडले, तोवर बरीच मोठी मासळी पांढरे पोट वर करून तरंगत होती.

आपल्या मौतीने मरून उलटी तरंगणारी मासळी हनफी मसलकात खात नाहीत. प्राणवायूअभावी मेलेल्या मासळीचा मसला आपल्या मौलानांना विचारावा. आम्ही तरी त्या सकाळी फुकट मिळत असलेली मासळी घरी आणली नाही.

त्या पोळ्याला त्या वस्तीत आमचे एकही लुगडे विकले गेले नाही. जुनी उधारी आम्ही पुढच्या हंगामावर टाकली. ती दुसऱ्या वर्षीच्या होळीपर्यंत फिटत राहिली. त्या तलावावर आम्ही आजही जातो. जाण्याआधी संस्थेला विचारतो, आणि भादव्यातल्या ढगाळ पहाटे पाळीवर चढल्यावर आधी पाणी पाहतो. तोंडे वर दिसली तर गळ पिशवीतच राहतो आणि आम्ही काकांच्या घराकडे वळतो.