विणकाम : हातांना काम, मनाला सोबत

रक्तदाब, मधुमेह, गुडघेदुखी अशा तक्रारी घेऊन दवाखान्यात येणाऱ्या साठीच्या पुढच्या कितीतरी भगिनी औषधाची चिठ्ठी हातात घेताना हळूच आणखी एक तक्रार सांगतात, ''डॉक्टर, दिवस जात नाही हो.'' या तक्रारीवर माझ्याकडे गोळी नाही. पण म्हणून ती हसण्यावारी नेण्यासारखीही नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयोगाने जून २०२५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार जगात दर सहा माणसांपैकी एकाला एकटेपणा जाणवतो. हृदयविकार, पक्षाघात, मधुमेह आणि नैराश्य यांचा धोका त्यामुळे वाढतो.

आपल्या जिल्ह्यात घरटी एखादा तरी चाकरमानी मुंबईला असतो. २०११ च्या जनगणनेत सिंधुदुर्गात दर हजार पुरुषांमागे १०३६ स्त्रिया होत्या, यावरूनच काय ते समजावे. वाडीवर निदान शेजारपाजार तरी पिढ्यान्‌पिढ्यांचा असतो. ओरोसचे तसे नाही. १९८१ साली जिल्हा झाला, पुढे येथे मुख्यालय वसले आणि चहूकडून नोकरदार कुटुंबे आली. बदली झाली की शेजार बदलतो, निवृत्तीनंतर कचेरीतली ओळखही सुटते. अशांसाठी एक जुना आणि स्वस्त उपाय आहे. तो म्हणजे चारचौघींनी एकत्र बसून करायचे विणकाम.

विणकामाने काय होते?

सुलट-उलट टाक्यांची लय एकदा हाताला बसली की श्वास संथ होतो आणि मनातली तीच ती काळजी थोडी मागे पडते. टाके मोजताना लक्ष एकवटते. डोळ्यांसमोर काहीतरी तयार होत असल्याचे समाधानही मिळते. २०१३ साली ब्रिटनमधील व्यवसायोपचाराच्या एका नियतकालिकात जगभरच्या साडेतीन हजारांहून अधिक विणणाऱ्यांची पाहणी प्रसिद्ध झाली. वारंवार विणणाऱ्यांनी आपल्याला अधिक शांत व आनंदी वाटते असे सांगितले. गटात विणणाऱ्यांना सुखाचा आणि लोकसंपर्काचा लाभ अधिक जाणवला. ही विणणाऱ्यांनी स्वतः सांगितलेली माहिती आहे, त्यामुळे विणकामाने रोग बरा होतो असा अर्थ कोणी काढू नये. माझ्या मते खरा गुण सुयांपेक्षा सोबतीचा आहे. नुसते 'गप्पा मारायला या' म्हटले तर अनेकींना संकोच वाटतो. हातात काम असले की संकोच जातो आणि गजाली आपोआप रंगतात.

गट कसा सुरू करावा?

सुरुवातीला पाच-सहा जणी पुरेत. आठवड्यातला एक वार आणि वेळ ठरवून घ्यावी व ती मोडू नये. जागा महिला मंडळाची, देवळाच्या सभामंडपाची किंवा एखादीच्या ओटीवरची चालेल. मात्र उजेड भरपूर हवा. शिकवणारी शोधायला लांब जावे लागत नाही. नातवंडांसाठी स्वेटर विणलेली एखादी आजी शेजारीच असते. १९६२ च्या चीन युद्धाच्या वेळी देशभरातल्या स्त्रियांनी जवानांसाठी लोकरीचे कपडे विणले होते. त्या पिढीने ही कला पुढच्या लेकीसुनांना दिली आहे. पुरुषांनाही मज्जाव नसावा. निवृत्तीनंतरचा रिकामपणा त्यांनाही जाचतो.

साहित्य थोडेच लागते : ८ नंबरच्या सुयांची एक जोडी, फिक्या रंगाची मध्यम जाडीची लोकर आणि कात्री. सुईचा नंबर जितका मोठा तितकी सुई बारीक, हे लक्षात ठेवावे. नवशिक्यांनी गडद रंग घेऊ नये, टाके दिसत नाहीत. आपल्याकडच्या दमट हवेत लोकरीला कुबट वास लागतो, म्हणून पुढे सुती दोऱ्याकडे वळलेले बरे.

पहिला चौकोन

पहिल्याच दिवशी स्वेटरच्या मागे लागू नये. सुईवर ३० टाके घालावेत. उजवी सुई डाव्या सुईवरच्या पहिल्या टाक्यात समोरून मागे घालावी, तिच्या टोकाला लोकरीचा वेढा द्यावा, तो वेढा टाक्यातून पुढे ओढून घ्यावा आणि जुना टाका डाव्या सुईवरून सोडून द्यावा. हा झाला सुलट टाका. सगळ्या ओळी सुलटच विणल्या तर कापड गुंडाळत नाही आणि दोन्ही बाजूंनी सारखे दिसते. पाच-सहा इंचांचा चौकोन झाला की टाके बंद करावेत. टाका सुटला, भोक पडले, तरी उसवून पुन्हा विणता येते. साठाव्या वर्षी हात वळणार नाहीत, ही भीती या पहिल्या चौकोनातच निघून जाते.

ही काळजी घ्या

१) पाठीला आधार असलेल्या खुर्चीवर बसावे, कोपरे टेकलेली असावीत. मान खाली घालून तासन्‌तास बसू नये.

२) दर वीस-पंचवीस मिनिटांनी सुया खाली ठेवाव्यात. मुठी उघडझाप कराव्यात, मनगटे फिरवावीत आणि उठून चार पावले चालावे. मधुमेहींनी विणकामाला रोजच्या फिरण्याचा पर्याय समजू नये.

३) अंगठा व शेजारची दोन बोटे बधिर होऊन रात्री जाग येत असेल, किंवा बोट वाकवल्यावर अडकत असेल, तर विणणे थांबवून डॉक्टरांना दाखवावे. मधुमेह व थायरॉईडच्या रुग्णांत या तक्रारी अधिक आढळतात.

४) सांधे दुखणाऱ्यांनी हलक्या, जाड लाकडी किंवा बांबूच्या सुया वापराव्यात. लोकर घट्ट ओढू नये.

५) जवळचे नीट दिसत नसेल तर आधी डोळे तपासून घ्यावेत.

विणायचे कोणासाठी?

''आमच्या कोकणात स्वेटर कोण घालणार?'' असे मला विचारतात. प्रश्न बरोबर आहे, पण उत्तरही आहे. कमी वजनाच्या नवजात बाळाच्या अंगातली उष्णता डोक्यावाटे लवकर निघून जाते, म्हणून त्याला टोपडे लागते. ते मऊ, धुता येणारे, नाडी व मणी नसलेले असावे. द्यायचे तर रुग्णालयात आधी विचारून, स्वच्छ धुऊन द्यावे. निरोगी बाळाला उकाड्यात वा झोपेत टोपडे घालून ठेवू नये.

दुसरे काम याहून नाजूक आहे. स्तनाच्या कर्करोगात स्तन काढावा लागलेल्या स्त्रियांसाठी मऊ सुती दोऱ्याचे कृत्रिम स्तन विणून विनामूल्य देण्याची चळवळ २०११ साली अमेरिकेत सुरू झाली. मुंबईत जयश्री रतन यांनी सुरू केलेल्या 'साईशा इंडिया' या संस्थेशी जोडलेल्या स्त्रिया हेच काम करतात. घरी बसून विणलेली एवढीशी वस्तू, पण ती ब्लाऊजमध्ये घालून एखादी भगिनी पुन्हा ताठ मानेने लग्नकार्याला जाऊ शकते. आपले काम कोणाला तरी हवे आहे ही जाणीव विणणारीलाही उभारी देते, आणि असे गट टिकतात.

शेवटी एक महत्त्वाची सूचना. दोन आठवड्यांहून अधिक काळ मन उदास राहणे, झोप व भूक उडणे, जगण्यात रस न वाटणे ही नैराश्याची लक्षणे आहेत. तेथे विणकामावर विसंबू नये. डॉक्टरांना भेटावे किंवा शासनाच्या 'टेलिमानस' सेवेच्या १४४१६ या विनामूल्य क्रमांकावर बोलावे. बाकीच्यांनी या आठवड्यात एवढेच करावे : सुयांची एक जोडी आणावी, आणि शेजारच्या दाराची कडी वाजवावी.