अणुसुरक्षेचे शिक्षण आणि विद्यापीठाची जडसंग्रह नोंदवही

अणुसुरक्षा म्हटले की तारापूर वा कैगा येथील कुंपण आणि सशस्त्र पहारा डोळ्यांसमोर येतो. तथापि भारतातील या विषयाचा सर्वांत बोलका धडा एका रसायनशास्त्र विभागातून मिळाला आहे.

दिल्ली विद्यापीठातील कोबाल्ट-६० युक्त गॅमा विकिरण उपकरण १९८५ पासून वापरात नव्हते. फेब्रुवारी २०१० मध्ये ते भंगार म्हणून लिलावात विकले गेले. मायापुरीच्या बाजारात त्याचे संरक्षक कवच फोडण्यात आले व आतील किरणोत्सारी द्रव्य दुकानांतून विखुरले. एका कामगाराचा मृत्यू झाला, इतर अनेक जण गंभीर आजारी पडले. कोबाल्ट-६० चा अर्धायुकाल सुमारे ५.२७ वर्षे आहे. म्हणजे पंचवीस वर्षांत किरणोत्सारिता सुमारे सत्ताविसाव्या भागावर आली होती. तो उरलेला भागही प्राणघातक ठरला. हे गणित पदवीचा विद्यार्थी सहज सोडवतो. तेव्हा उणीव भौतिकशास्त्राच्या ज्ञानाची नव्हती. ते ज्ञान आणि जडसंग्रह नोंदवही यांना जोडणारा दुवा नव्हता.

येथे परिभाषेची अडचण लक्षात घ्यावी लागते. अपघात टाळणे ती सुरक्षितता. चोरी, घातपात वा अनधिकृत वापर रोखणे ती सुरक्षा. मराठीत हे दोन्ही शब्द सर्रास एकमेकांच्या जागी वापरले जातात. मायापुरीत कोणाचाही दुष्ट हेतू नव्हता. परंतु जी वस्तू नकळत फाटकाबाहेर जाऊ शकते, ती हेतुपूर्वक नेणे अवघड नसते.

अण्वस्त्रप्रसाराचा प्रश्न द्रव्यापुरता मर्यादित नाही. माहितीही बाहेर जाते. डेल्फ्ट आणि लूव्हन येथे शिकलेले धातुशास्त्रज्ञ अब्दुल कादिर खान १९७२ मध्ये अॅमस्टरडॅमच्या एका संशोधन कंपनीत रुजू झाले. युरेनियम समृद्धीकरणाच्या अपकेंद्र यंत्रांची कागदपत्रे भाषांतराच्या निमित्ताने त्यांच्या हाती आली आणि पुढे ती माहिती पाकिस्तानच्या कार्यक्रमास उपयोगी पडली. यावरून परदेशी विद्यार्थ्याकडे संशयाने पाहावे, असा अर्थ काढणे उथळपणाचे होईल. कोणती माहिती कोणास, कोणत्या कामापुरती द्यावी, याची शिस्त संशोधकास शिकवावी लागते, एवढाच त्याचा अर्थ.

मनुष्यबळ घडविण्याची भारतातील परंपरा जुनी आहे. तुर्भे येथील प्रशिक्षणशाळा १९५७ मध्ये सुरू झाली. होमी भाभा राष्ट्रीय संस्थेस २००५ मध्ये अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. २०१० मध्ये घोषित झालेल्या, हरियाणातील जागतिक अणुऊर्जा सहयोग केंद्रात अणुसुरक्षेसाठी स्वतंत्र विभागाची योजना झाली. त्याच वर्षी आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या पुढाकाराने या विषयाच्या शिक्षणसंस्थांचे जाळे उभे राहिले आणि पदव्युत्तर अभ्यासक्रमाचा आराखडाही प्रसिद्ध झाला. मात्र देशातील प्रशिक्षणाचा रोख मुख्यतः अणुक्षेत्रात असलेल्या वा येऊ इच्छिणाऱ्या व्यक्तींवर राहिला. कर्करोग रुग्णालयातील तंत्रज्ञ, वेल्डिंगची तपासणी करणारा औद्योगिक रेडिओग्राफर, प्रयोगशाळा परिचर आणि भांडारपाल यांचाही किरणोत्सारी स्रोतांशी संबंध येतो. पैकी पहिल्या दोघांसाठी विहित प्रशिक्षण आहे. भांडारपालाचा विचार क्वचितच होतो.

महाविद्यालयांनी यासाठी नवी पदवी सुरू करण्याची आवश्यकता नाही. भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र व राज्यशास्त्र यांच्या पदव्युत्तर वर्गांना एक सामायिक घटक आणि शिक्षकेतर कर्मचाऱ्यांसाठी एक दिवसाचे प्रशिक्षण एवढ्यावर प्रारंभ करता येईल. निर्लेखन समितीपुढे येणाऱ्या प्रत्येक जुन्या उपकरणाच्या प्रस्तावावर ‘किरणोत्सारी स्रोत आहे / नाही’ असा रकाना ठेवून त्यापुढे जाणकार शिक्षकाची स्वाक्षरी घेण्यास तर कोणत्याही अनुदानाची वाट पाहावी लागत नाही.