अठरा जानेवारी : एका तारखेचा हिशेब

वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर 'दिनविशेष' नावाची एक लहानशी चौकट असते. आजच्या तारखेला पूर्वी काय घडले, कोण जन्मले, कोण निवर्तले, याची ती यादी. पुष्कळ वाचक राशिभविष्य वाचून झाले की तिच्याकडे वळतात आणि दोन्ही सारख्याच भावनेने वाचतात. आम्ही कामगार चळवळीतली माणसे. आमच्या कचेरीच्या फळ्यावर ही यादी रोज खडूने उतरवून काढण्याचा परिपाठ आहे. आणि तिच्याखाली उभे राहून मंडळी जो प्रश्न विचारतात तोच या लेखाचा विषय आहे. एकाच तारखेला घडलेल्या गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध असतो काय?

नुसत्या तत्त्वचर्चेने हा प्रश्न सुटणारा नाही. एखादी तारीख हाती घेऊन ती उलटीसुलटी करून पाहिली पाहिजे. आम्ही १८ जानेवारी घेतली आहे, कारण या तारखेचा व्याख्यानमालेशी, या किनाऱ्याशी आणि आमच्या चळवळीशी असा तिहेरी संबंध येतो.

१८ जानेवारी १८४२ रोजी नाशिक जिल्ह्यातील निफाड येथे महादेव गोविंद रानडे यांचा जन्म झाला. १८७५ साली पुण्यात त्यांच्या प्रेरणेने वसंत व्याख्यानमाला सुरू झाली, आणि आज गावोगावी वसंत ऋतूत जी व्यासपीठे उभी राहतात ती त्याच झाडाची कलमे होत. १८ जानेवारी १९७१ रोजी बॅरिस्टर नाथ पै बेळगावात निवर्तले. ते वेंगुर्ल्याचे, १९५७, १९६२ आणि १९६७ अशा तीन निवडणुकांत राजापूर मतदारसंघाने त्यांना लोकसभेत पाठविले होते. मरणसमयी त्यांचे वय अवघे ४८ वर्षांचे होते. आणि १८ जानेवारी १९८२, सोमवार, या दिवशी मुंबईच्या सुमारे अडीच लाख गिरणी कामगारांचा बेमुदत संप सुरू झाला.

जन्म, मृत्यू आणि संप. यांना एका दोरीत ओवणारे काही आहे काय? उत्तर देण्यापूर्वी याच तारखेच्या दूरदेशीच्या नोंदी पाहू, कारण तेथे एक वेगळाच प्रकार आढळतो.

१८ जानेवारी १७०१ रोजी कोनिग्सबर्ग येथे पहिल्या फ्रेडरिकने प्रशियाचा राजमुकुट धारण केला. १८ जानेवारी १८७१ रोजी जर्मन सैन्याचा पॅरिसला वेढा पडलेला असताना व्हर्सायच्या राजवाड्यातील आरसेमहालात जर्मन साम्राज्याची घोषणा झाली. १८ जानेवारी १९१९ रोजी, पहिल्या महायुद्धात जर्मनी हरल्यावर, पॅरिसमध्ये शांतता परिषदेचे उद्घाटन झाले. हा योगायोग नव्हे. १८७१ साली प्रशियाच्या राजाने पूर्वजाच्या राज्याभिषेकाचा दिवस मुद्दाम निवडला. आणि १९१९ साली फ्रेंचांनी, ज्या दिवशी आमच्या छाताडावर बसून तुम्ही साम्राज्य घोषित केलेत त्याच दिवशी तुमचा हिशेब करू, अशा ईर्ष्येने तोच दिवस धरला. पुढे तहावर सह्याही त्याच आरसेमहालात झाल्या, २८ जून १९१९ रोजी. १९१४ साली साराजेव्होच्या ज्या खुनाचे निमित्त होऊन महायुद्ध पेटले, तो खून २८ जूनचाच!

या सूडाच्या खेळात आमच्या हिताचेही थोडे निघाले, ते सांगितलेच पाहिजे. त्याच परिषदेने आंतरराष्ट्रीय कामगार कायद्यांसाठी एक मंडळ नेमले. अमेरिकेचे कामगार पुढारी सॅम्युएल गॉम्पर्स त्याचे अध्यक्ष होते. त्यातून आंतरराष्ट्रीय कामगार संघटना जन्मली. त्याच साली वॉशिंग्टनला भरलेल्या तिच्या पहिल्या अधिवेशनाने दिवसाला ८ आणि आठवड्याला ४८ तास कामाचा ठराव केला. मात्र हिंदुस्थानासाठी त्यात वेगळे कलम घालून ६० तासांवर भागविले. हिंदी कामगारांच्या बाजूने त्या अधिवेशनाला गेले होते ना. म. जोशी, मूळचे कुलाबा जिल्ह्यातले. पण त्यांना नेमले होते सरकारने, कारण ज्याने प्रतिनिधी निवडावा असा देशव्यापी कामगार संघच तेव्हा नव्हता. ही उणीव डोळ्यांत भरली आणि ३१ ऑक्टोबर १९२० रोजी मुंबईत लाला लजपत राय यांच्या अध्यक्षतेखाली अखिल भारतीय ट्रेड युनियन काँग्रेस स्थापन झाली. प्रशियाच्या राजमुकुटापासून परळच्या युनियनपर्यंतची ही वाट आहे खरी. पण तारखेने ती घडविलेली नाही. १७ जानेवारीला परिषद भरती तरी कामगार संघटना निघालीच असती. युद्धाने थकलेल्या आणि रशियातील क्रांतीने धास्तावलेल्या सरकारांना ती हवीच होती.

तर पहिला प्रकार हा : निवडलेली तारीख. आमच्याकडेही तो आहे. २६ जानेवारी १९३० रोजी पूर्ण स्वातंत्र्याची प्रतिज्ञा घेतली गेली, म्हणून १९५० साली घटना अमलात आणण्यास तोच दिवस धरला. आणि कोकण रेल्वेची गाडी मुंबईपासून मडगावपर्यंत सलग धावू लागली तीही २६ जानेवारीलाच, १९९८ साली. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य झाले, म्हणून १ मे १९८१ ला रत्नागिरीतून आमचा सिंधुदुर्ग जिल्हा वेगळा काढला. त्याच दिवशी जालना जिल्हाही झाला, आणि १ मे १९९९ ला हिंगोली नि गोंदिया. सरकारला शुभमुहूर्त लागत नाही असे म्हणतात, ते अर्धेच खरे आहे.

दुसरा प्रकार अधिक गमतीचा असून आमच्या धंद्यात त्याच्याशी रोज गाठ पडते. जुन्या पिढीतल्या कामगारांचे कागद पाहावेत तर निम्म्यांचा जन्म १ जूनचा! एवढी बाळंतपणे एकाच दिवशी झाली होती काय? तसे नव्हे. शाळा जूनमध्ये उघडत. आईबापांना मुलाचा जन्म 'रोवणीच्या दिवसांत' किंवा 'मोठ्या तुफानाच्या वर्षी' एवढाच ठाऊक असे. आणि दाखल्याच्या रकान्यात काहीतरी भरणे भाग म्हणून मास्तर १ जून लिहून मोकळे होत. या मास्तरी तारखेवर पुढे नोकरी लागते, निवृत्ती ठरते, प्रॉव्हिडंट फंड आणि पेन्शन मिळते. सख्ख्या दोन भावांत सहा महिन्यांचे अंतर निघाल्याची प्रकरणे आम्ही हाताळली आहेत. (आमच्या किनाऱ्यावर १ जूनपासून पावसाळी मासेमारी बंद होते, त्यामुळे होडी वर ओढण्याचा आणि घरधन्याचा वाढदिवस एकच येतो!) तेव्हा यादीत जुन्या काळच्या एखाद्या व्यक्तीची जन्मतारीख दिसली की ती कोणत्या कागदावरून आली, हे विचारून घ्यावे.

शिवाय तारीख ही काही आकाशात कोरलेली नाही. कोनिग्सबर्गचा राज्याभिषेक १८ जानेवारी १७०१ चा असे आपण म्हणतो, पण त्याच दिवशी इंग्लंडमध्ये ७ जानेवारी होती, आणि सरकारी सालही १७०० च चालू होते. कारण तेथे जुनी कालगणना होती आणि वर्ष २५ मार्चला बदले. आपल्या संक्रांतीचे पाहा. १४ जानेवारी १७६१ ला पानिपत झाले, म्हणजे ऐन संक्रांतीला झाले, असे कित्येक वक्ते ठोकून देतात. सूर्य मकर राशीत जाण्याचा दिवस इंग्रजी तारखेच्या मानाने साठ-सत्तर वर्षांत एक दिवस पुढे सरकतो. १८६३ साली विवेकानंद जन्मले तेव्हा संक्रांत १२ जानेवारीला होती; १७६१ साली ती त्याहूनही आधी येऊन गेलेली होती. पानिपत झाले ते पौष शुद्ध अष्टमीस. आणि आमच्या मसुऱ्याच्या आंगणेवाडीची जत्रा तर ना तारखेला बांधलेली, ना तिथीला; दरवर्षी भराडी देवीचा कौल घेऊन दिवस ठरतो. दिनविशेष लिहिणाऱ्याने तिचे काय करावे?

आता तिसरा प्रकार, निव्वळ योगायोगाचा. येथे माणसाचे मन फार घसरते, म्हणून जरा थांबून पाहू. १९८२ च्या संपाचे नेते डॉ. दत्ता सामंत हे मालवण तालुक्यातील देवबागचे. जन्म २१ नोव्हेंबर १९३२. त्यांचा खून झाला १६ जानेवारी १९९७ रोजी. न्यायमूर्ती रानडे वारले तेही १६ जानेवारीलाच, १९०१ साली. म्हणजे १८ जानेवारीला जन्मलेले रानडे १६ जानेवारीला गेले आणि १८ जानेवारीला संप करणारे सामंत १६ जानेवारीला गेले. पुढे ऐका. २१ नोव्हेंबर १९५५ रोजी फ्लोरा फाउंटनला संयुक्त महाराष्ट्रासाठी निघालेल्या लोकांवर गोळीबार झाला. त्या मोर्चात गिरणी कामगार मोठ्या संख्येने होते. आणि जुने कामगार कायदे मोडीत काढणाऱ्या चार संहिता केंद्र सरकारने अमलात आणल्या त्या २१ नोव्हेंबर २०२५ रोजी, म्हणजे बरोबर ७० वर्षांनी, सामंतांच्या जन्मदिवशीच. आमच्या काही तरुण सहकाऱ्यांना यात सरकारचा डाव दिसला. आम्हांला दिसत नाही. त्या संहितांना आमचा विरोध आहे तो त्यांतल्या कलमांमुळे, तारखेमुळे नव्हे.

असे योग इतके कसे जुळतात, याचे उत्तर साध्या गणितात आहे. एका खोलीत २३ माणसे असली तर त्यांतल्या कोणत्यातरी दोघांचा वाढदिवस एकच असण्याचा संभव निम्म्याहून अधिक असतो. हे प्रथम कोणालाच खरे वाटत नाही, कारण ऐकणारा स्वतःचाच वाढदिवस जुळवून पाहतो. पण येथे प्रत्येकाची प्रत्येकाशी जोडी लावायची आहे. २३ जणांनी एकमेकांशी एकेकदा हस्तांदोलन केले तर ती २५३ होतात; आणि तितक्या वेळा नशीब अजमावल्यावर वर्षाच्या ३६५ दिवसांत एक जोडी जमली तर नवल काय? ५७ माणसे असतील तर शंभरांत नव्व्याण्णव वेळा जोडी सापडतेच. इतिहासात तर हजारो मोठी माणसे आणि त्याहून अधिक घटना, आणि खण अवघे ३६६. कोणत्याही खणात हात घातला तरी मुठीत चमत्कार येणारच.

नाथ पै यांचेच घ्या. १७ जानेवारी हा बेळगावात १९५६ च्या सीमालढ्यातील हुतात्म्यांच्या स्मरणाचा दिवस. त्याच्या दुसऱ्याच दिवशी, सीमाप्रश्नासाठी झगडलेला हा माणूस बेळगावातच गेला. एका दिवसाने तारीख चुकली म्हणून यादीत हा संबंध दिसत नाही. पण रानडे आणि नाथ पै यांच्यातील तारखेच्या संबंधापेक्षा तो कितीतरी खरा आहे.

आणखी एक गोष्ट. खणात काय टाकायचे हे ठरविणारे कोणीतरी असते. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली मुंबईच्या साडेपाच हजार गिरणी कामगारांच्या सह्यांचा अर्ज केला आणि १० जून १८९० रोजी गिरणीमालकांना रविवारची सुटी मान्य करावी लागली. त्या काळच्या बहुतेक राष्ट्रीय पुढाऱ्यांना कारखान्यांचे कायदे म्हणजे मँचेस्टरवाल्यांचा कावा वाटत असे, तेव्हाची ही गोष्ट. रविवार आज सगळे भोगतात. १० जूनच्या चौकटीत लोखंड्यांचे नाव क्वचितच आढळते.

१८ जानेवारीच्या संपाला सुरुवातीची तारीख आहे, पण शेवटाची नाही. तो रीतसर मागे घेतलाच गेला नाही. गिरण्या एकेक करून मिटत गेल्या, आणि परळ-लालबागच्या खोल्यांतून माणसे मालवण, कणकवली, देवगडकडे परतली. मनीऑर्डरीची वाट पाहणाऱ्या घरांत मनीऑर्डर पाठविणाराच येऊन बसला. आमच्या गावांत लग्ने, मरणे, घरांची छपरे यांचा हिशेब अजून 'संपाआधी' आणि 'संपानंतर' असाच सांगतात.

मात्र सरकारदरबारी या कामगारांसाठी एक तारीख पक्की आहे, आणि ती १८ नसून १ जानेवारी १९८२ आहे. त्या दिवशी किंवा त्यानंतर जो गिरणीच्या पटावर होता तो, किंवा त्याचा वारस, गिरणीच्या जमिनीवरील घरासाठी पात्र धरला जातो. तेव्हा माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीत आजोबांचे तिकीट नंबराचे ओळखपत्र, विम्याचे कार्ड किंवा फंडाची पावती असेल तर ती वाळवीच्या आधी बाहेर काढावी, आणि तिच्यावरची तारीख नीट वाचून घ्यावी.