मोजून आलेलें जेवण

गेल्या सत्रांत पालकसभा आटोपल्यावर एका विद्यार्थिनीच्या मातोश्री मागें थांबल्या. मोबाईलवरील एक जाहिरात दाखवून त्यांनीं आम्हांला विचारलें, "सर, वजन उतरविण्यासाठीं महिनाभराचें मोजलेलें जेवण डब्यांतून घरीं येतें म्हणे. मी तर घेणारच आहें. मुलीलाही लावून टाकूं का?" मुलगी नववींत. आम्ही कांहीं वैद्य नव्हों. म्हणून त्या दिवशीं उत्तर दिलें नाहीं. परंतु प्रश्न मनांतून जाईना. त्या निमित्तानें जें वाचलें व जें सुचलें, तें इतर पालकांच्याही उपयोगीं पडेल असें वाटून येथें देत आहों.

ही कल्पना नवी नाहीं. अमेरिकेंत १९५९ सालीं मीड जॉन्सन या कंपनीनें 'मेट्रेकल' नांवाची पूड बाजारांत आणली. ती पाण्यांत कालवून दिवसांतून चार वेळां प्यावयाची. दिवसाचा एकूण आहार ९०० कॅलरी! पूड पिऊन माणूस किती दिवस राहील? पुढें १९७२ सालीं तेथेंच 'न्यूट्रिसिस्टिम' ही संस्था निघाली, व १९८३ सालीं ऑस्ट्रेलियांतील मेलबर्न येथें 'जेनी क्रेग'. ह्यांनीं तयार पदार्थांचीं पाकिटें देण्यास आरंभ केला.

अशा जेवणाचा गुण कोणता, हें प्रथम न्यायबुद्धीनें पाहिलें पाहिजे. आपण किती खातों ह्याचा अदमास आपणांस फार थोडा असतो. 'आम्ही अगदींच कमी खातों, तरी वजन हटत नाहीं,' असें म्हणणाऱ्या दहा जणांचें खाणें न्यूयॉर्क येथील संशोधकांनीं शास्त्रीय रीतीनें मोजलें; तें १९९२ सालीं प्रसिद्ध झालें. तीं माणसें सांगत होतीं त्याच्या जवळजवळ दुप्पट खात होतीं. तीं खोटें बोलत होतीं असें आम्हांस वाटत नाहीं. आपल्या घरींच पहा ना! भात वाढणारा हात प्रेमाचा असतो. त्यावर तूप पडतें तें चमच्यानें मोजून नव्हे. मुलांच्या ताटांत उरलेली अर्धी पोळी आईच्या पोटांत जाते व ती कोणाच्याच हिशेबीं धरली जात नाहीं. पाकिटाच्या बाबतींत हा गोंधळ राहत नाहीं. त्यांत जेवढें आहे तेवढेंच. वाढप्याचा आग्रह तेथें चालत नाहीं.

फळही दिसून येतें. जेनी क्रेगच्या पद्धतीचा प्रयोग अमेरिकेंत ४४२ स्त्रियांवर झाला व त्याचा वृत्तांत २०१० सालीं प्रसिद्ध झाला. दोन वर्षांनीं, केंद्रांत जाणाऱ्या स्त्रियांचें वजन सरासरीनें ७.४ किलो उतरलेलें होतें. दूरध्वनीवरून सल्ला घेणाऱ्यांचें ६.२ किलो, आणि केवळ नेहमीचा सल्ला मिळालेल्यांचें २ किलो. हे आंकडे उपेक्षणीय नव्हेत. मात्र त्या स्त्रियांना तें जेवण फुकट मिळत होतें, आणि प्रयोगाचा खर्च त्याच कंपनीनें सोसला होता. शिवाय सल्लागाराशीं वारंवार बोलणें होत असे. तेव्हां गुण पाकिटाचा किती व बोलण्याचा किती, हें वेगळें काढणें कठीण आहे.

आतां उणी बाजू. पैशांची गोष्ट प्रत्येकानें आपल्या घरचा जमाखर्च पाहून ठरवावी. टिकाऊ तयार पदार्थांत मीठ पुष्कळदां अधिक असतें; प्रौढ माणसानें दिवसाकांठीं ५ ग्रॅमहून कमी मीठ खावें असें जागतिक आरोग्य संघटना सांगते, म्हणून वेष्टणावरचा बारीक मजकूर वाचावा. परंतु मुख्य दोष तोच, जो ह्या पद्धतीचा गुण आहे. मोजण्याचें काम दुसरा करतो, म्हणून आपला हात तें कधींच शिकत नाहीं. मे २०२३ मध्यें जेनी क्रेगनें अमेरिकेंतील आपलीं केंद्रें बंद केलीं. नांव पुढें दुसऱ्या मालकाकडे गेलें व पाकिटें घरपोंच मिळूं लागलीं. परंतु दर आठवड्यास ज्या ठिकाणीं जावयाचें, तीं दारें लागलीं तीं लागलींच. ज्यांनीं सारी भिस्त तेथें ठेविली होती त्यांनीं दुसऱ्या दिवशीं कढईंत तेल किती घालावें?

आणि नववींतली मुलगी? वर सांगितलेल्या ४४२ स्त्रियांत १८ वर्षांखालील एकही नव्हती. वाढत्या वयांत हाडें भरत असतात, मुलींना लोहाची गरज वाढलेली असते. अशा वेळीं प्रौढांसाठीं आंखलेलें तोकडें जेवण देणें म्हणजे बांधकाम चालू असतां विटा कमी करणें होय. ह्या वयांत पुष्कळदां वजन उतरविण्याची गरजच नसते. तें आहे तेथें राहिलें आणि उंची वाढली कीं शरीर आपोआप बेताचें होतें. उलट, न जेवण्याचें वेड ह्याच वयांत लागलें तर तें पुढें खऱ्या आजाराचें रूप घेऊं शकतें. मुलीच्या वजनाची खरोखरच काळजी वाटत असेल तर तिला डॉक्टरांना दाखवावें, आरशाला नव्हे.

दोन आठवड्यांनीं त्या बाईंना आम्ही एवढेंच सांगितलें: मुलीला नको. तुम्हांला घ्यावयाचें तर आधीं डॉक्टरांना विचारा; मधुमेहाचें औषध चालू असेल तर अवश्य विचारा, कारण औषध तेंच राहून जेवण कमी झालें तर साखर एकाएकीं खालीं जाऊं शकते. आणि घेतलेंत तर एकच महिना घ्या. प्रत्येक पाकीट घरच्या ताटवाटींत ओतून पहा, आणि पुढें तेवढेंच घरीं रांधा.

त्यांनीं महिनाभर डबे घेतले. आतां ओट्यावर एक लहान पितळी वाटी वेगळी ठेवली आहे, आपला भात त्या तिनेंच घेतात, असें परवां सांगत होत्या. वजन किती उतरलें, हें विचारण्याचें धैर्य आम्हांस झालें नाहीं. मुलगी सर्वांबरोबर जेवते.