पुळका कोणाचा, केव्हा?

खोट्या भावनेसाठी आपल्या भाषेत शब्दांची वानवा नाही. ढोंग आहे, सोंग आहे. नक्राश्रू तर अग्रलेखांतून नेहमीच वाहत असतात. पण या सर्वांत आम्हाला तोलामोलाचा वाटतो तो पुळका.

नक्राश्रू हा शब्द दिसायला संस्कृत असला तरी त्यातली कल्पना युरोपातली. माणसाला खाताना मगर रडते, असे चौदाव्या शतकातल्या मँडेव्हिलच्या प्रवासवर्णनात सांगितले आहे. (बिचाऱ्या मगरीची बाजू घेणार कोण? २००७ साली प्रसिद्ध झालेल्या फ्लॉरिडातील निरीक्षणात तिच्या कुळातील ७ पैकी ५ प्राण्यांच्या डोळ्यांना खाताना खरोखरच पाणी आले. त्यात दुःख नव्हते, तसे कपटही नव्हते.)

पुळका मात्र घरचा. संस्कृतात पुलक म्हणजे अंगावरचा रोमांच. त्याच घराण्यातला हा शब्द. अर्थ, मायेचे भरते. यात मुळात वाईट काही नाही. धार आली ती वापराने. 'मला गहिवरून आले' असे आपण म्हणतो, 'माझा जीव कळवळला' असेही म्हणतो. 'मला पुळका आला' असे सहसा कोणी म्हणत नाही. पुळका दुसऱ्यालाच येतो, आणि तोही 'आताच', 'एकदम', 'भारी'. वाटणीची बोलणी निघाली की पुतण्याला म्हाताऱ्या काकूचा येतो, तसा.

नक्राश्रू म्हणणारा समोरच्याच्या काळजात डोकावल्याचा दावा करतो, आणि तो सिद्ध करता येत नाही. पुळका म्हणणारा नुसते वेळेकडे बोट दाखवतो. कामगारांच्या सभेत हा फरक फार कामाचा. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईच्या सुमारे अडीच लाख गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. पुढे कित्येक गिरण्या बंद पडल्या. १९९१ च्या विकास नियमावलीने गिरण्यांच्या जमिनी विकण्याची वाट मोकळी केली, तेव्हा कामगारांची देणी, गिरण्यांचे पुनरुज्जीवन ही भाषा जोरात सुरू झाली. बोलणाऱ्यांच्या मनात काय होते ते त्यांचे त्यांना ठाऊक. 'मधली वर्षे हा पुळका कुठे होता?' हा प्रश्न मात्र रास्त होता, कारण त्याचे उत्तर तारखांनी देता येते.

हाच शब्द उलटाही फिरतो. घरकामाच्या बाईला आठवड्याची सुट्टी द्या, असे वर्षानुवर्षे म्हणणाऱ्यालाही 'तुम्हाला बरा तिचा पुळका!' हे ऐकावे लागतेच. तिथे वेळेचा प्रश्नच नसतो. समोरच्याचे तोंड बंद करायचे असते, एवढेच.